धागा : रोव्हर ३.५ लिटर व्ही-८ इंजिन नव्याने बांधतोय. ताकद वाढवायची आहे, पण गाडी रस्त्यावरच चालवायची आहे

कॉव्हेंट्रीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंजिन पार शेवटच्या बोल्टापर्यंत खोलून पुन्हा बांधण्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. गाडी आहे १९७४ची एमजीबी जीटी व्ही-८. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९७६ पर्यंत या मॉडेलच्या फक्त २५९१ गाड्या बनल्या. गाडी आकाराने लहान, आणि बॉनेटखाली ३५२८ सीसीचं आठ सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन. हे इंजिन मुळात ब्यूइकचं. १९६१ ते ६३ या तीन मॉडेल वर्षांत अमेरिकेत चाललं आणि जनरल मोटर्सने ते बंद केलं. १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि पुढे ब्रिटनमध्ये ते २००४ पर्यंत बनत राहिलं. रेंज रोव्हर, मॉर्गन, ट्रायम्फ, टीव्हीआर, सगळीकडे हेच इंजिन.

आता तक्रारी. गरम इंजिनाला २४०० आरपीएमवर ३० ते ४० पीएसआय ऑइल प्रेशर असावं असं मॅन्युअल सांगतं. माझं १८ च्या वर जात नाही. उतारावर पाय सोडून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर. डाव्या बाजूला टॅपेटचा (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधल्या तुकड्याचा) कटकट आवाज, तो गरम झाल्यावरही जात नाही. म्हणजे इंजिन उघडणं आलंच.

उघडतोच आहे, तर ताकदही वाढवावी असं मनात आहे. कारखान्याने या गाडीला ८.२५ कॉम्प्रेशनचं (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) इंजिन दिलं, १३७ बीएचपीचं. मला १८० च्या आसपास हवंय. अट एकच : २००० आरपीएमला जो खालचा टॉर्क आहे तो हातचा जाऊ द्यायचा नाही. या गाडीची खरी मजा तिथेच आहे. चौथ्या गिअरमध्ये पाय ठेवला की ती मुकाट ओढत जाते.

विचारायचंय असं : ३.५ चाच ब्लॉक ठेवू, की ४.६ लिटरचा नंतरचा ब्लॉक शोधू? कॉम्प्रेशन किती? कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणता? कार्ब्युरेटर मूळचे एसयू कंपनीचे ठेवू की चार बॅरलचा घालू?

उद्यमनगरी

इंजिन झकास आहे. आम्ही इथं कोल्हापुरात उद्यमनगरात लोखंडी ब्लॉकच जास्त बघतो, ॲल्युमिनियमचा व्ही-८ हाताखाली क्वचित येतो. तरी एक सांगतो. पार्ट मागवायची घाई करू नका. आधी मोजा. ऑइल प्रेशर कमी म्हणजे बेअरिंग गेली असं सगळे धरून चालतात, पण या इंजिनाचा पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला आहे ना? त्याचे गिअर थेट कव्हरच्या ॲल्युमिनियमला घासत फिरतात. कव्हरला चरे पडले की क्रँक कितीही चांगला असला तरी प्रेशर येत नाही.

उघडायच्या आधी लीक-डाउन करून घ्या, आठही सिलिंडरची. आणि ब्लॉक साफ करायला कुणाकडे दिलात तर बजावून सांगा : कॉस्टिकच्या टाकीत घालायचा नाही. लोखंडी ब्लॉक आपण कॉस्टिकमध्ये उकळतो, ग्रीस-काजळी सगळी निघून येते. ॲल्युमिनियम त्यात घातलं तर धातूच खाल्ला जातो. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण टाकीवरचा पोरगा रोज लोखंडच टाकत असतो.

ग्रेटलेक्सकर

मिशिगनहून. ब्यूइक म्हणजे आमच्या फ्लिंटचं, त्यामुळे २१५ क्यूबिक इंचाचं नाव काढलं की इकडच्या जुन्या लोकांचे डोळे चमकतात. त्या काळात हे इंजिन जेमतेम १४५ किलोचं होतं. ओल्ड्समोबिलने १९६२ला याच्यावर टर्बो बसवून जेटफायर काढली. कॉम्प्रेशन १०.२५ ठेवून वर टर्बो, आणि इंजिन ठोकू नये (मिश्रण आपोआप भडकू नये) म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय! लोक ते मिश्रण भरायला विसरायचे आणि गाड्या परत यायच्या. १९६६ला जॅक ब्रॅबम ज्या रेप्को इंजिनावर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, त्याचा ब्लॉकही ओल्ड्समोबिलच्या याच इंजिनाचा. तेव्हा या ब्लॉकला कमी लेखू नका.

फरक एवढाच, की आमच्याकडे लायनर (सिलिंडरच्या आतल्या लोखंडी नळ्या) ओततानाच ब्लॉकमध्ये घेतलेले होते. रोव्हरने वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतून लायनर नंतर दाबून बसवले. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

माझं मत : ४.६ शोधा. स्ट्रोक ७१ वरून ८२ मिलीमीटर होतो, बोअर ८८.९ वरून ९४. टॉर्क आयता मिळतो, कॅम-बिम काही करायला नको.

कॉव्हेंट्रीकर

@ग्रेटलेक्सकर, ४.६ चा मोह मलाही आहे, पण तुम्ही लायनरचं म्हणालात तीच अडचण. ९४ मिलीमीटरच्या बोअरला लायनर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये ॲल्युमिनियम फार थोडं उरतं. जास्त तापलेल्या ब्लॉकमध्ये लायनरच्या मागे तडा जातो, पाणी सिलिंडरमध्ये येतं, किंवा लायनरच खालीवर सरकायला लागतो. उपाय आहे : वरून कड असलेले टॉप-हॅट लायनर, जे हेडखाली (सिलिंडरवरच्या झाकणाखाली) अडकून बसतात. पण ते काम करून घेतलेला ब्लॉक म्हणजे वेगळाच खर्च. शिवाय माझ्या गाडीवर मूळ नंबरचं इंजिन आहे, आणि ३.५ च्या ब्लॉकमध्ये मांस भरपूर आहे. हाच ठेवतोय.

@उद्यमनगरी काका, लीक-डाउन केली. तिसऱ्या आणि सातव्या सिलिंडरची हवा एक्झॉस्टमधून फुसफुसत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. बाकीच्यांची थोडी थोडी ऑइल भरायच्या तोंडातून, म्हणजे रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडा एकही नाही.

आणि पंपाचं तुमचं निदान तंतोतंत. कव्हर काढलं तर आतल्या भिंतीवर नखाला अडकतील असे चरे.

नवखा_चालक

मधे बोलतोय, माफ करा. लीक-डाउन म्हणजे काय? आणि कॉम्प्रेशन टेस्टपेक्षा वेगळी कशी?

कॉव्हेंट्रीकर

@नवखा_चालक, माफी कसली, विचाराच. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये स्टार्टरने इंजिन फिरवून सिलिंडर किती दाब तयार करतो ते बघतात. लीक-डाउनमध्ये पिस्टन सगळ्यात वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. मग कान लावायचा. आवाज सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमध्ये आला तर इनलेट, ऑइलच्या तोंडाशी आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आजार कुठे आहे हे इंजिन न उघडता कळतं.

लोब_सेंटर

मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते. धागा आवडला. कॉम्प्रेशनवर थोडं आकडेमोडीसह लिहिते, कारण इथेच लोक पैसे घालवतात.

एका सिलिंडरचं आकारमान ४४१ सीसी. कॉम्प्रेशन ८.२५ म्हणजे पिस्टन वर असताना सुमारे ६१ सीसी जागा उरते. ९.७५ हवं असेल तर ती ५०.४ सीसी झाली पाहिजे. म्हणजे सगळा खेळ १० सीसीचा आहे, दोन चहाचे चमचे.

आता गॅस्केट बघा. या इंजिनाला मूळ पत्र्याचं गॅस्केट असतं, दाबल्यावर साधारण अर्धा मिलीमीटर. आता सगळे कॉम्पोझिट घालतात, ते १.१ च्या आसपास. त्या ०.६ मिलीमीटरने प्रत्येक सिलिंडरला जवळपास ४ सीसी जागा वाढते. तुम्ही ९.७५ कॉम्प्रेशनचे पिस्टन विकत घेतले, ज्या कॉम्प्रेशनवर रोव्हर एसडी-१ व्हिटेस या गाडीला १९० बीएचपी मिळायचे, आणि वर कॉम्पोझिट गॅस्केट घातलं, तर हातात येतं ९.१. डब्यावर ९.७५ लिहिलेलं असतं आणि मालक त्याच समाधानात राहतो.

दुसरं म्हणजे, नुसत्या कॉम्प्रेशनकडून फार अपेक्षा नको. आदर्श चक्राच्या हिशेबाने ८.२५ वरून ९.५ वर गेल्याने कार्यक्षमता ४ टक्क्यांच्या आसपास वाढते. १३७ चे ४ टक्के म्हणजे साडेपाच बीएचपी. तुम्हाला हवेत चाळीस. ते श्वासातून येणार. हवा किती आत जाते आणि जळालेला वायू किती सहज बाहेर पडतो, त्यातून.

म्हणून माझा आग्रह हेडवर. तुमच्या गाडीच्या हेडला इनलेट व्हॉल्व्ह दीड इंची आहेत. १९७६च्या एसडी-१ला १.५७५ इंची आले. क्षेत्रफळात १० टक्के वाढ, आणि ती हेड तुमच्या ब्लॉकवर सरळ बसतात.

डबल_डिक्लच

मी म्हणतो एवढा विचार कशाला? मोठा कॅम घाला, ३०० डिग्रीच्या आसपासचा (म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा), वर ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा घेणारा) चार बॅरल. दणका बसेल.

लोब_सेंटर

@डबल_डिक्लच, दणका बसेल, पण ४५०० च्या वर. लांब कॅममध्ये इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत आलेली हवा तेवढ्या वेळात पुन्हा मागे ढकलली जाते, आणि खालचा टॉर्क तिथेच संपतो. धागाकर्त्यांची अट नेमकी तीच आहे. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढला, की आयडलला व्हॅक्यूम पडतो. ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो हे लक्षात घ्या.

३.५ लिटरला रस्त्यासाठी २७० डिग्रीच्या जवळपासचा कॅम पुरे. चार बॅरल वाईट नाही, पण एमजीबीच्या बॉनेटखाली उंचीच नाही. कारखान्याने दोन एसयू एचआयएफ-६ इंजिनाच्या मागच्या अंगाला नेऊन बसवले ते त्याचसाठी. या ताकदीला ते दोन एसयू पुरतात, फक्त सुया (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या) बदलाव्या लागतील.

डबल_डिक्लच

बूस्टरचा मुद्दा मान्य, ताई. मी जे इंजिन बघितलं होतं ते शर्यतीच्या गाडीतलं होतं, तिला आयडलशी देणंघेणं नव्हतं.

कॉव्हेंट्रीकर

निर्णय झाला. ब्लॉक ३.५ चाच. बोअर मोजले : वरच्या रिंगेच्या जागी ४ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) झीज, खाली जवळपास शून्य, आणि दोन सिलिंडर लंबगोल. नुसत्या होनिंगवर भागत नाही, म्हणून २० थाऊ ओव्हरसाइझ. त्याने इंजिन ३५७० सीसीचं होईल, पण ती चाळीसेक सीसी ताकदीसाठी नाही, गोल भोकासाठी आहे. पिस्टन ९.७५ चे. हेड एसडी-१ची. कॅम २७० डिग्रीचा. एसयू तेच.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) २.३ इंची, बिग एंड (जिथे कनेक्टिंग रॉड बसतात ते) २ इंची. मायक्रोमीटरने मोजले, मेन चांगले निघाले, बिग एंड १० थाऊ ग्राइंड करावे लागले.

लोब_सेंटरताईंच्या हिशेबावर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली, ती या इंजिनावर काम करणाऱ्या प्रत्येकाने करण्यासारखी आहे. कॉम्पोझिट गॅस्केटने हेड ०.६ मिलीमीटर वर उचललं जातं. त्याने कॉम्प्रेशन तर उतरतंच, पण पुशरॉड तेवढ्या आखूड पडतात, आणि इनलेट मॅनिफोल्डची भोकं हेडच्या भोकांपासून सरकतात, कारण व्ही आकारात हेड तिरकं वर जातं. हेडचं तोंड अर्धा मिलीमीटर फेसिंग करून काढलं, की तिन्ही गोष्टी एकदम जागेवर येतात. कॉम्प्रेशन वाढवायला म्हणून लोक हेड घासतात. इथे ते भूमिती जुळवायला घासायचं, कॉम्प्रेशन आपोआप येतं.

उद्यमनगरी

शाब्बास. असा विचार करून फेसिंगला हेड पाठवणारा गिऱ्हाईक मिळाला तर आमचा दिवस सार्थकी लागतो. दोन्ही हेडवरून एकसारखंच काढायला सांगा, आणि किती काढलं ते हेडच्या कडेला पंचाने ठोकून ठेवा. पुढच्या माणसाला कळू दे.

सीट कटिंग तीन कोनात करून घ्या : ३०, ४५, ६०. खुणेची निळी शाई लावून बघा, घासल्याची रेघ व्हॉल्व्हच्या तोंडावर मधोमध आणि सगळीकडे सारख्या रुंदीची यायला हवी. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलतो का तेही बघा. उतारावर पाय सोडून पुन्हा दिला की जो धूर येतो तो गाइडमधून ओढलेल्या ऑइलचा असतो, रिंगांचा नसतो. रिंगांचा धूर चढावर, लोडवर येतो.

कॉव्हेंट्रीकर

मार्च उजाडला, हेड तयार होऊन आली. गाइड नवे, सीट तीन कोनांत.

पोर्टमध्ये मी फार हात घातला नाही. व्हॉल्व्हच्या सीटच्या लगेच मागे, गाइड जिथे पोर्टमध्ये डोकावतं तिथे ओतकामाची एक धार राहिलेली असते, ती काढली. मॅनिफोल्डचं गॅस्केट ठेवून पोर्टची तोंडं जुळवली. भोक मोठं केलं की हवेचा वेग पडतो, आणि खालचा टॉर्क त्या वेगावरच जगतो.

मग चेंबर (हेडमधली मिश्रण जळायची जागा) मोजले. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवलेले. सीटभोवती ग्रीसचा पातळ थर. चेंबरवर जाड ॲक्रिलिकची चपटी तबकडी, कडेला ग्रीस लावून दाबून बसवलेली, तिला एक बारीक भोक. हेड किंचित कलतं ठेवायचं, भोक वरच्या बाजूला. ब्युरेटमधून रंगवलेलं पॅराफिन हळूहळू सोडायचं. शेवटचा हवेचा बुडबुडा तबकडीखालून सरकत भोकाशी येतो, क्षणभर अडकतो आणि निघून जातो. त्याच क्षणी ब्युरेटचा आकडा वाचायचा. आठही चेंबर ३३.५ ते ३४.१ मध्ये आले. लहान होते त्यांच्या भिंतीवरून किंचित धातू काढून सगळे ३४ च्या आसपास आणले. गॅस्केटचे ७.१, पिस्टनचा खोलगट भाग आणि डेक (पिस्टन वर असताना ब्लॉकच्या तोंडापर्यंत उरणारी जागा) मिळून ११.२, बेरीज ५२.३. कॉम्प्रेशन ९.५ आणि वर थोडं. सुपर ग्रेड पेट्रोलवर निवांत चालेल. इथे ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून जुने रबरी इंधन पाइपही सगळे बदलले.

नवखा_चालक

वाचनखूण साठवली. एक शंका : हेडचे बोल्ट किती घट्ट? मी वाचलं की या इंजिनाचे काही बोल्ट ढिलेच ठेवतात. खरं आहे का?

कॉव्हेंट्रीकर

खरं आहे, आणि कारण सुंदर आहे. जुन्या हेडला १४ बोल्ट. त्यातले दहा सिलिंडरच्या भोवती, आणि चार एक्झॉस्टच्या बाजूला, बाहेरच्या ओळीत, सिलिंडरपासून लांब. ते चार बाकीच्यांइतकेच आवळले तर हेड बाहेरच्या बाजूला झुकतं आणि आतल्या बाजूचा, व्हॅलीकडचा (व्हीच्या मधल्या खोबणीकडचा) दाब कमी होतो. गॅस तिथून गळायला लागतो आणि ऑइल काळं होतं. रोव्हरने शेवटी नव्वदच्या दशकात ती ओळच काढून टाकली आणि हेड दहा बोल्टांचं केलं. मी आतले दहा तीन टप्प्यांत ६५ ते ७० पाउंड-फूट आवळतोय आणि बाहेरचे चार फक्त बसतील एवढेच.

बोल्टांची भोकं टॅप फिरवून, हवा मारून कोरडी ठण्ण करून घ्यायची. भोक तळाशी बंद असेल आणि आत ऑइल साचलेलं असेल, तर बोल्ट खाली जाताना ऑइलला वाट मिळत नाही आणि ॲल्युमिनियमला तडा जातो.

ग्रेटलेक्सकर

कॅमबद्दल सावध राहा. तुमचे टॅपेट सपाट तळाचे आहेत ना? आमच्याकडे नवीन कॅम पहिल्या अर्ध्या तासात घालवलेली मंडळी भरपूर.

लोब_सेंटर

@ग्रेटलेक्सकर, दिसायला सपाट, पण खरंतर टॅपेटचं तोंड अगदी किंचित फुगीर असतं आणि कॅमचा लोब किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटला मधोमध घासत नाही, एका कडेला घासतो आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की एकच जागा घासली जाते आणि लोब मिनिटांत जातो. म्हणून जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही. बसवताना प्रत्येक टॅपेट आपल्या भोकात बोटाने सहज फिरतो का ते बघायचं.

आणि या इंजिनात कॅमच्या लोबना बरंचसं ऑइल क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून मिळतं. आयडलला क्रँक हळू फिरतो, शिंतोडे कमी. म्हणून पहिल्यांदा सुरू झाल्या झाल्या २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि २० मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत. आयडलवर कौतुकाने ऐकत बसायचं नाही. ऑइलमध्ये झिंकचं (झीज रोखणाऱ्या झिंक-फॉस्फरसच्या संयुगाचं) प्रमाण चांगलं हवं. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं, कारण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. जुन्या गाड्यांसाठीचं २०डब्ल्यू-५० घ्या.

कॉव्हेंट्रीकर

खालचं इंजिन बांधून झालं. ऑइल क्लिअरन्स प्लास्टिगेजने तपासले. मेणासारखा बारीक दोरा जर्नलवर आडवा ठेवायचा, कॅप टॉर्कला आवळायची, क्रँक न हलवता पुन्हा काढायची आणि दोरा किती रुंद चपटा झाला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. बिग एंडना दीड ते दोन थाऊ. रिंगांची फट बोअरमध्येच मोजली : दर इंच बोअरला ४ थाऊ या हिशेबाने १४. मागच्या मेनला माझ्या इंजिनात जुनं दोरीचं सील आहे. दोरी ऑइलमध्ये भिजवून, गोल दांड्याने खाचेत दाबून बसवली, टोकं ब्लेडने सपाट कापली.

टॅपेटचा प्रीलोड (पुशरॉडने तो आत किती दाबला जातो ते) अर्धा ते दीड मिलीमीटर असावा लागतो. सोळाही मोजले, सगळे एका मिलीमीटरच्या अलीकडेपलीकडे. पुशरॉड मूळ लांबीच्याच चालल्या, हेड अर्धा मिलीमीटर घासल्याचा फायदा तो हा. रॉकर शाफ्ट मात्र दोन्ही नवे घेतले, जुन्यावर खालच्या अंगाला खाचा पडल्या होत्या. टॅपेटचा म्हणून जो आवाज होता त्यातला निम्मा इथला असावा.

टायमिंग चेन नवी, दुहेरी. मूळ कॅम गिअरला नायलॉनचे दात असतात, वय झालं की तुटून सम्पमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) पडतात. कॅम डायल गेज लावून डिग्री करून (क्रँकच्या नेमक्या अंशाशी जुळवून) बसवला.

टायमिंग कव्हर दुसरं मिळवलं, पंपाचे गिअर नवे. गिअरच्या प्रत्येक फटीत व्हॅसलीन ठासून भरलं, बोटाने दाबून, कुठेही हवेची जागा न ठेवता. हा पंप सम्पच्या वर आहे, कोरडा असला तर ऑइल ओढतच नाही. व्हॅसलीन पहिल्या फेऱ्यात सील करतं आणि मग ऑइलमध्ये विरघळून जातं. शिवाय डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच्या भोकातून दांडा घालून ड्रिलने पंप फिरवला. गेजची सुई आधी हललीच नाही, मग एकदम ४० वर गेली, आणि ड्रिल हातात जड झालं. रॉकरपर्यंत ऑइल पोचलेलं डोळ्यांनी बघितलं, मगच कव्हरं बंद केली.

उद्यमनगरी

हे ड्रिल जड होतं ना, ते कळणं म्हणजे पंपाने ऑइल पकडलं. वाट बघतोय चालू करायची.

कॉव्हेंट्रीकर

चालू झालं! फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ पुन्हा एकदा वायरींवर बोट ठेवून म्हटली, चोक ओढला, दुसऱ्या वळणाला पकडलं. लगेच २२०० वर नेलं आणि लोब_सेंटरताईंनी सांगितल्याप्रमाणे २० मिनिटं. नव्या मॅनिफोल्डवरचं लेपन जळून धूर झाला, तो ओसरला. प्रेशर गरम झाल्यावर २४०० ला ३८. टॅपेट शांत. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. फिल्टर कापून उघडला तर घड्यांत जोडणीच्या पेस्टची करडी राखाडी छटा, धातूचा कण नाही.

मे महिन्यात रनिंग-इन (नव्या इंजिनाची सुरुवातीची हळू धाव) संपवून रोलिंग रोडवर (रोलरवर ताकद मोजायच्या यंत्रावर) नेली. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आहे. एकूण ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते) ३० अंशांवर ठेवला, त्याच्या पुढे गेल्यावर ताकद वाढत नव्हती, मग उगाच पुढे कशाला न्या. एसयूच्या सुया दोनदा बदलल्या. मागच्या चाकांवर १४९ बीएचपी आले. इंजिन उघडायच्या आधी, याच रोलरवर, १०६ होते. पण मला जास्त आनंद टॉर्कच्या रेषेचा आहे : २००० ला जुन्यापेक्षा खाली कुठेच नाही, आणि जुनी जिथे ४५०० ला मान टाकायची तिथे नवी ५३०० पर्यंत सरळ जाते. ५५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३ मीटरच होतो, म्हणजे आखूड स्ट्रोकच्या या इंजिनाला तो काहीच त्रास नाही.

ग्रेटलेक्सकर

चाकांवर १४९ म्हणजे फ्लायव्हीलला १८० च्या आसपासच धरायला हरकत नाही. ४.६ चा माझा हट्ट मागे घेतला. अभिनंदन!

डबल_डिक्लच

मस्त. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कसला वापरला? एमजीबीत स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो म्हणतात.

कॉव्हेंट्रीकर

मूळचे ओतीव मॅनिफोल्ड ब्लॉक आणि चॅसिस यांच्यात चेपून खाली उतरतात. बॉनेटखालची उष्णता आणि घुसमट, दोन्हीचं मूळ तिथे. १९९३ला जी एमजी आरव्ही-८ आली तिच्यात पाइप आतल्या विंगमधल्या भोकांतून चाकाच्या कमानीत बाहेर काढले आहेत. मी तीच पद्धत वापरली. विंगला भोकं पाडावी लागतात, मूळ पत्रा कापायचा म्हणून जीव खालीवर होतो. पण स्टिअरिंगच्या दांड्यापासून पाइप लांब राहतो, स्टार्टर मोटर भाजत नाही, आणि लीक-डाउनमध्ये जे तिसऱ्या-सातव्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले सापडले होते, त्याचंही एक कारण ही कोंडलेली उष्णता असावी असं माझं मत आहे. पाइपच्या समोर चाकाच्या कमानीत रबरी पडदा मात्र लावा, नाहीतर पावसातलं पाणी तापलेल्या पाइपवर उडून तो तडकतो.

नवखा_चालक

शेवटचं विचारतो. आता हेडचे बोल्ट पुन्हा आवळणार का?

कॉव्हेंट्रीकर

मी वापरलेल्या कॉम्पोझिट गॅस्केटच्या कंपनीने आवळायची गरज नाही असं लिहिलंय, तरी ५०० मैलांनंतर इंजिन पूर्ण गार असताना आतले दहा एकेक करून तपासले. प्रत्येक पाव फेरा सैल करून पुन्हा ६८ वर, बाकी नऊ आवळलेलेच. बाहेरच्या चारांना हात लावला नाही. ऑइल दर ३००० मैलांनी बदलणार. पाण्यात अँटिफ्रीझ बाराही महिने, थंडीसाठी नाही तर ॲल्युमिनियमला गंज चढू नये म्हणून. ते दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवीन.